क्रिझ : ध्वनिनाट्यातला रंग बदलणारा सोबती पुरता वापरलाच गेला नाही

कानोकानी

मंडळी, बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीच्या 'डॉक्टर हू' ध्वनिनाट्यांवर इथे अधूनमधून गप्पा होतात. डॉक्टरच्या सोबत्यांपैकी चार्लीवर होतात, एव्हलिनवर होतात, लूसी मिलरवर तर होतातच. क्रिझचं नाव मात्र कुणी काढत नाही. निघालंच तर 'तो तिसरा' एवढ्यावर विषय संपतो. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

पुढे रसभंग आहे. ज्यांना आधी ऐकायचंय त्यांनी इथेच थांबा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका १९६३ मध्ये सुरू झाली आणि १९८९ मध्ये थांबली. डॉक्टर म्हणजे सोबत्यांना घेऊन काळातून फिरणारा परग्रहवासी; मरणाच्या दारात तो नवं रूप घेतो, म्हणून पहिला, सहावा, आठवा असे डॉक्टर. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅनला आठवा डॉक्टर करून एकच दूरचित्रपट आला आणि पुन्हा सामसूम. १९९९ पासून बिग फिनिशने मालिकेतल्याच नटांना घेऊन ध्वनिनाट्यं काढायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये मॅकगॅन त्यात आला. म्हणजे त्याचा डॉक्टर खऱ्या अर्थानं घडला तो आवाजातूनच. त्याच्याबरोबर चार्ली पोलार्ड (इंडिया फिशर). आर-१०१ या इंग्रजी हवाई जहाजावर ती चोरून चढलेली असते. हे जहाज खरंच होतं. ऑक्टोबर १९३० मध्ये ते कराचीला यायला निघालं आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. चार्लीही त्यातच मरायची होती, डॉक्टरने तिला वाचवलं आणि काळाच्या घडीत गोंधळ झाला. त्याचे परिणाम पुढची दोन-तीन वर्षं चालले. शेवटी २००३ च्या अखेरीला डॉक्टर स्वतःला आपल्या विश्वातून हद्दपार करून घेतो आणि जिथे काळ ही गोष्टच नाही अशा दुसऱ्या विश्वात जातो. चार्ली त्याच्यामागून जाते. तिथे, जानेवारी २००४ च्या 'द क्रीड ऑफ द क्रोमॉन'मध्ये त्यांना क्रिझ भेटतो. नट कॉनराड वेस्टमास.

क्रिझ माणूस नाही. युटर्मेसन नावाच्या जमातीचा आहे. अंगावर कठीण कवच, आणि भोवताल बदलला की त्याचा रंग बदलतो. इथपर्यंत काही विशेष नाही, सरडा आपल्या परसातही असतो. खरी गोष्ट पुढे कळते. त्याचं मनही तसंच आहे. ज्यांच्या संगतीत तो राहतो, त्यांच्यासारखा तो होत जातो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असं आपण म्हणतो. याला वाणही लागतो आणि गुणही.

आता हे पात्र डॉक्टरशेजारी बांधून बघा. डॉक्टर म्हणजे दयाळू, बोलका, जीव वाचवणारा. पण तोच डॉक्टर कुणी जगायचं नि कुणी नाही याचे निर्णय घेत फिरतो. त्याच्या मागे मेलेल्यांची रांग आहे. क्रिझ त्याच्यातलं काय उचलेल? दया, की तो निर्णय घ्यायचा अधिकार? आणि आपल्यासमोर आपलीच सावली तयार होताना बघून डॉक्टरला काय वाटेल? इतर कुठल्याही सोबत्याकडून हा प्रश्न उभा राहत नाही. चार्ली डॉक्टरवर प्रेम करते, त्याच्याशी भांडते, पण ती चार्लीच राहते. क्रिझ म्हणजे डॉक्टरच्या संगतीचा हिशेब आहे.

आणि हे सगळं कानांनी ऐकायच्या माध्यमात! रंग दिसत नाही म्हणून लेखकांनी काय केलं, तर कुणाच्या तरी तोंडी 'अरे, तुझा रंग बदलला' असं वाक्य घातलं. श्रुतिकेत हे सगळ्यात कच्चं काम. मी हौशी नाटकांना ध्वनिसंयोजन करतो, त्यामुळे मला हे फार बोचतं. रंग नाही दाखवता येत, पण बोलणं तर बदलता येतं ना. डॉक्टरबरोबर असताना त्याची वाक्यं लांबत जावीत, मध्येच विषयांतर व्हावं. चार्लीबरोबर एकटा असला की तिचे उद्गार त्याच्या तोंडी यावेत. शिपायांमध्ये राहिला की चार शब्दांत बोलावं. कुणीही काही न सांगता श्रोत्याच्या अंगावर काटा आला असता. एवढ्या कथांमध्ये ते सलगपणे, जाणूनबुजून केलेलं मला कुठे ऐकू आलं नाही.

तुम्हाला काय वाटतं?

---

घाटावरचा

कानोकानीदादा, लै भारी लिवलंय. मी यातलं एकबी ऐकलेलं न्हाई, तरी रसभंग वाचला, कारण राहवंना. टीव्हीवरचा नवीन डॉक्टर बघितलाय फक्त. कुठनं सुरू करू? सगळं ऐकायला लागंल का?

---

मीठभाकर

कानोकानी, तळमळ पटली, पण दोष लेखकांवर जरा जास्तच टाकलात.

काळ बघा. ते दुसरं विश्व २००३ च्या शेवटी सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीबीसीने जाहीर केलं की मालिका पडद्यावर परत येतेय. मार्च २००५ मध्ये ती आलीसुद्धा. नवे लोक या नादात ध्वनिनाट्यांकडे वळणार, आणि त्यांना काय ऐकू येणार? काळयंत्र हरवलेला, काळच नसलेल्या विश्वात अडकलेला डॉक्टर. ते कुणाला झेपणार? म्हणून ती सगळी मालिका ठरल्यापेक्षा लवकर आवरती घेतली आणि डिसेंबर २००४ च्या 'द नेक्स्ट लाइफ'मध्ये गुंडाळली. क्रिझ त्या विश्वाचा माणूस. त्याचा धर्म, त्याचा बाप, त्याचा भूतकाळ सगळं तिथलं. ते विश्वच मिटलं आणि हा मात्र डॉक्टरबरोबर आपल्याकडे आला. मूळ माती सुटलेल्या पात्राचं पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरं, त्याच्या मनाचं गुपित हळूहळू उलगडत नेलं हे मला आवडलं होतं. पहिल्याच भागात सांगितलं असतं तर पुढे उरलं काय असतं?

---

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. हा विषय वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. वर कुणी ल'डाचं नाव घेतलेलं नाही आणि माझ्या मते क्रिझची सगळी गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते.

'क्रीड ऑफ द क्रोमॉन'मध्ये ल'डा ही क्रिझची प्रेयसी. क्रोमॉन हे किड्यांसारखे जीव, सगळा कारभार कंपनीसारखा. ते तिला आपली राणी बनवायला घेतात, म्हणजे तिचं शरीरच बदलून टाकतात, पिल्लं घालण्यासाठी. ती परत पूर्वीसारखी होणार नाही हे कळल्यावर क्रिझ तिला मारतो. ऐकताना मी रडले होते. तिची सुटका केली त्याने, असंच वाटलं. त्या एका कृतीवर श्रोता त्याला आपला मानतो.

आणि मग पुढच्या कथांमधून हळूहळू कळतं, की तो एका पंथाचा साधू होता, 'फाउंडेशन' त्याचं नाव. माणसाला मारणं म्हणजे त्याला तारणं, ही त्या पंथाची शिकवण. ल'डाच्या आधीही त्याने माणसं मारली आहेत आणि त्या मेलेल्यांचे आवाज त्याच्या डोक्यात बोलत असतात.

आता मागे वळून ती पहिली कथा पुन्हा ऐका. ल'डाला त्याने प्रेमानं मारलं, की सवयीनं? त्या क्षणी त्याच्या हातात जे होतं ती करुणा होती, की शिकवलेला विधी? मरणाच्या दारातल्या माणसाजवळ बसणं हे माझं रोजचं काम आहे. वेदना बघवत नाहीत म्हणून 'सोडवा हो याला' असं म्हणणारे नातेवाईक मी पाहते. त्यांच्यात आणि 'मी याला सोडवू शकतो' असं मानणाऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला स्वतःचं दुःख सहन होत नसतं. दुसऱ्याला स्वतःबद्दल खात्री असते, आणि ती खात्री फार भयंकर. क्रिझमध्ये हे दोन्ही एकाच शरीरात होते. लेखकांनी इतका मोठा प्रश्न हातात घेतला, आणि डॉक्टर समोर असूनही तो समोरासमोर बसून कधी नीट विचारला नाही. चार्लीने विचारायला हवा होता. तिलाही त्याच कथेत राणी बनवायला घेतलं होतं. म्हणजे ल'डाच्या जागी ती असती तर क्रिझने काय केलं असतं, हा प्रश्न तिला रोज पडायला हवा होता.

मीठभाकर, मालिका लवकर गुंडाळली हे खरं असेल, पण हा प्रश्न विचारायला दुसरं विश्व लागत नाही. एक खोली आणि तीन माणसं पुरतात.

---

कानोकानी

रात्रपाळीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सवय की प्रेम, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आणि तो माझ्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे. दोन्ही जोडले तर आणखी पुढे जाता येतं. मन रंग बदलतं म्हणजे पंथात राहिला तेव्हा तो पंथासारखा झाला. मग ल'डाजवळ होता तेव्हा कसा होता? ज्या माणसाचं मन संगतीनं घडतं, त्याचं प्रेम त्याचं स्वतःचं की समोरच्याचं परत आलेलं? तो एकटा असला की कोण असतो? एक अख्खी कथा त्याला एकटं ठेवून व्हायला हवी होती. कुणीच नाही शेजारी, फक्त डोक्यातले ते आवाज. श्रुतिकेला याहून सोपं आणि याहून भयंकर काय असणार?

हे काही माझं स्वप्नरंजन नाही. याच मालिकेत क्रिझ येण्याच्या अगदी आधीचं 'स्केर्त्सो' ऐका. रॉबर्ट शेअरमनचं. नट फक्त दोन, मॅकगॅन आणि फिशर. पांढऱ्याशुभ्र प्रकाशात दोघांना काही दिसत नाही आणि त्यांच्या भोवती आवाजाचाच एक जीव वाढतोय. ज्यांना ध्वनिनाट्य म्हणजे काय हे इतकं कळलं होतं, त्यांच्या हाती दुसऱ्याच महिन्यात क्रिझ होता!

घाटावरच्या, तू 'स्टॉर्म वॉर्निंग'पासून, म्हणजे चार्लीच्या त्या हवाई जहाजाच्या कथेपासून सुरू कर. घाई असेल तर ते, मग 'द चाइम्स ऑफ मिडनाइट', मग 'स्केर्त्सो', मग क्रिझ. मधला 'झाग्रेअस' फार लांब आहे, तो नंतर ऐकलास तरी चालेल.

---

शाहूपुरीकर मावशी

मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी असेन. आमच्या लहानपणी रात्री आकाशवाणीवर श्रुतिका लागायची आणि घर चिडीचूप व्हायचं. या इंग्रजी नाटकांची गोडी मला भाच्यानं लावली. मला क्रिझपेक्षा एव्हलिन जवळची, कारण सोबती म्हणून पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका घ्यायची हिंमत पडद्यावर कुणी केली नव्हती. मॅगी स्टेबल्सने तिला २००० पासून आवाज दिला, त्या २०१४ मध्ये गेल्या.

तिचं उदाहरण देते ते एवढ्यासाठी, की सोबत्याला वेळ दिला तर काय होतं ते तिच्याकडे बघून कळतं. तिचं दुखरं हृदय, ते डॉक्टरपासून लपवणं, कॅसी नावाची एक मुलगी हातातून निसटल्याचं दुःख. मग पुढे वेगळ्याच डॉक्टरबरोबर हेक्स नावाचा लिव्हरपूलचा नर्स येतो आणि तो कॅसीचाच मुलगा निघतो. एका कथेत पडलेलं बी कितीतरी वर्षांनी दुसरीकडे उगवतं. आणि सहावा डॉक्टर, कॉलिन बेकरचा, पडद्यावर किती चिडका होता! एव्हलिननं त्याला मऊ केलं. सोबत्यानं डॉक्टरला बदललं. क्रिझच्या बाबतीत उलट व्हायला हवं होतं आणि तेही तितकंच मोलाचं झालं असतं.

पण एक विचारते. क्रिझचा स्वभावच जर दुसऱ्याचा असेल तर ऐकणाऱ्यानं माया कुणावर करायची? एव्हलिनचा चॉकलेट केक मला आठवतो. क्रिझचं असं काय आठवतं?

---

मीठभाकर

मावशी, नेमकं बोललात. मला क्रिझचं जे आठवतं ते 'अदर लाइव्ह्ज'मधलं. १८५१ चं लंडन, काचेच्या महालातलं ते मोठं प्रदर्शन, आणि क्रिझ एका खेळवाल्याच्या तावडीत सापडतो. विचित्र प्राणी म्हणून लोकांना पैसे घेऊन दाखवतात त्याला. तिथे कुणी परग्रहवासी शत्रू नाही, फक्त माणसं. त्या कथेत मला त्याचा कळवळा आला.

आणि आता लिहिता लिहिताच कानोकानीचा मुद्दा पटतोय. जिथे दिवसभर माणसं पिंजऱ्यासमोर उभी राहून 'राक्षस' म्हणतात, तिथे ज्याचं मन शेजाऱ्यासारखं होतं त्याचं काय व्हायला हवं? मला तरी तो धागा तिथे पुरता ओढलेला जाणवला नाही. प्रसंग आयता होता.

---

दुर्बीण

रंग-रूप बदलणारं पात्र आवाजात चालतं का, याला फ्रोबिशर हे उत्तर आहे. मूळ चित्रकथेतला, हवं ते रूप घेणारा जीव, पण त्याला पेंग्विन होऊन राहायला आवडतं. 'द होली टेरर' (२०००) हे ध्वनिनाट्य पुन्हा शेअरमनचंच. ते सुरुवातीला हसवतं आणि शेवटी हादरवतं. रूप दिसत नसल्यानं काही अडलं नाही, कारण फ्रोबिशरचा आवाज आणि स्वभाव पक्का होता. क्रिझचं उलट आहे. त्याचा स्वभावच पातळ, म्हणून नटावर आणि संहितेवर दुप्पट जबाबदारी. वेस्टमासचा आवाज मला फार आवडतो, हळवा आणि थोडा दबलेला. त्याला संहितेनं साथ द्यायला हवी होती.

दुसरं, आपण हे आपल्याकडे का करत नाही? विज्ञानकथा मराठी वाचकाला नवी नाही. जयंत नारळीकर तर आपल्या कोल्हापुरातच जन्मले, १९३८ मध्ये. कानोकानी, तुमच्या ग्रुपकडे माइक आहेत, नट आहेत. अशा सोबत्याला घेऊन मराठी श्रुतिका करा की.

---

घाटावरचा

करा म्हंजे कराच! आणि आपल्याकडं तर इंग्रजीपेक्षा सोपं हाय. रंग बदलला हे सांगायला बोली हाय ना. कोल्हापुरी माणसाशेजारी बसला की 'व्हय' म्हणंल, मालवण्याशेजारी गेला की त्याच्यासारखा हेल काढंल, पुण्याच्या बाईंसमोर एकदम शुद्ध बोलंल. डोळं झाकून ऐकलं तरी कळंल हा कुणासंगं बसून आलाय ते.

---

दुर्बीण

घाटावरच्या, कल्पना फार चांगली आहे. फक्त एक भीती. आपल्या रंगभूमीवर बोली आली की प्रेक्षक हसायला सुरुवात करतो. नोकर नाहीतर गावाकडचा पाहुणा आला की बोली, आणि नायक प्रमाणभाषेत. या पात्राच्या तोंडची बोली ऐकून पहिल्याच मिनिटाला हशा पिकला तर सगळं संपलं. त्याची बोली बदलते तेव्हा भीती वाटली पाहिजे.

---

कानोकानी

दुर्बीण, याला उपाय आहे. नायकच कोल्हापुरीत बोलू दे. जो जगाला वाचवतो, ज्याच्यावर श्रोत्याचा विश्वास आहे, तोच ठसठशीत कोल्हापुरी. मग सोबती सुरुवातीला प्रमाणभाषेत बोलत येईल आणि हळूहळू नायकाची बोली त्याच्यात झिरपेल. श्रोत्याला आधी बरं वाटेल, आपला झाला म्हणून. आणि मग एका प्रसंगात तो त्याच आपुलकीच्या बोलीत, नायकाच्याच शब्दांत, कुणाला तरी मारायचा निर्णय सांगेल. तिथे हसू येणार नाही.

तंत्राचंही बोलतो, कारण याच ठिकाणी श्रुतिका फसतात. दोन पुरुषी आवाज एकाच पट्टीतले असले की ऐकणारा गोंधळतो, म्हणून आपण नेहमी एक खर्जातला आणि एक वरच्या पट्टीतला नट घेतो. इथे सोबत्याची पट्टी तीच ठेवायची, फक्त शब्द, हेल आणि थांबे बदलायचे. नाहीतर श्रोत्याला वाटेल नवीन पात्र आलं. डोक्यातले आवाज माइकच्या अगदी जवळून, खोलीचा घुमारा न ठेवता. बाकी सगळ्यांना खोली द्यायची, त्यांना नाही. इको घालून भुताटकी करायची नाही, ते आता जुनं झालं.

मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. माया कुणावर करायची?

---

रात्रपाळी

मावशींच्या प्रश्नावर मी दोन रात्री विचार करतेय.

क्रिझ मरतो 'अ‍ॅब्सोल्यूशन'मध्ये, ऑक्टोबर २००७. त्यानंतर डॉक्टर ते ज्या सहजपणे घेतो त्यानं चार्ली इतकी दुखावते की मला घरी सोड म्हणते. पुढची 'द गर्ल हू नेव्हर वॉज' ही कथा तिथूनच सुरू होते. म्हणजे त्याच्या जाण्यानं आठव्या डॉक्टरची सगळ्यात जुनी सोबतीण तुटली. त्याच्यावर माया करणारं कुणीतरी होतं आणि ती चार्ली होती. जिवंत असताना त्या दोघांचे फार थोडे प्रसंग एकट्याचे मिळाले, ही खरी चूक. तिनं त्याला ओळखून, सगळं माहीत असून, तरी जवळ ठेवलंय असं ऐकू आलं असतं तर आपणही ठेवलं असतं. आठवण केकची नसती, तिच्या त्याच्याशी बोलण्याची असती.

म्हणून कानोकानी, तुमच्या श्रुतिकेत गुपित श्रोत्यापासून लपवा हवं तर, पण सोबत्यांपासून लपवू नका. निदान एकाला पहिल्यापासून माहीत असू दे की हा आपल्यासारखा होत जाणार. मग त्या माणसाला रोज नीट वागावं लागेल. त्याच्यासमोर चिडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, कारण ते उद्या त्याच्या तोंडून परत येईल. घरात लहान मूल आलं की आपण जसे सांभाळून बोलायला लागतो, तसं. त्यात माया आपोआप येते.

---

शाहूपुरीकर मावशी

हे पटलं. नायकापेक्षा त्या दुसऱ्या सोबतिणीला ते माहीत असावं. नायकाला कळायला उशीर व्हावा.

---

घाटावरचा

'स्टॉर्म वॉर्निंग' ऐकलं, 'स्केर्त्सो' ऐकलं, काल रात्री क्रोमॉनवालं संपवलं. ल'डाचा प्रसंग दोनदा ऐकला. रात्रपाळीताई, रसभंग आधीच वाचल्यामुळं मला पहिल्यांदाच शंका आली, तरीबी त्याच्या आवाजात काय खोटं सापडलं न्हाई. त्याला स्वतःलाच ठाऊक नसंल का, की आपण हे कशानं केलं?

---

रात्रपाळी

मला वाटतं, नसेल. आणि ते वेस्टमासचं मोठेपण. त्यानं तो प्रसंग शंभर टक्के प्रेमानं केलाय. पुढचं सगळं कळल्यावरही तो प्रसंग खोटा पडत नाही, फक्त कठीण होतो.

---

कानोकानी

मंडळी, पहिला प्रसंग लिहायला घेतोय. तिघंच जण, मावशींनी म्हटलं तसं सोबतिणीला माहीत आहे, नायकाला नाही. दुर्बीण, संहिता तुम्हाला आधी पाठवतो, विज्ञानाची बाजू तपासून द्या. सोबत्यासाठी असा नट हवा जो कोल्हापुरी, मालवणी आणि प्रमाण मराठी एकाच पट्टीत, थट्टेचा सूर न लावता बोलू शकेल. कुणाच्या ओळखीत असेल तर मला इथेच निरोप करा. वयाची अट नाही.